खाली बसवलेली गाडी: उंची, भूमिती आणि चाकांची जुळणी

मोटार खाली बसवणे म्हणजे तिच्या स्प्रिंगा बदलून किंवा त्यांची बैठक खाली आणून गाडीचा सांगाडा रस्त्याच्या जवळ नेणे. काम दिसायला सोपे आहे आणि हात बसलेला मेकॅनिक ते दिवसभरात उरकतो. बदलते ते मात्र उंचीपेक्षा पुष्कळ अधिक. चाक ज्या दांड्यांनी सांगाड्याला जोडलेले असते त्या प्रत्येकाचा कोन बदलतो, शॉकॲब्सॉर्बर आपल्या पल्ल्याच्या वेगळ्याच भागात काम करू लागतो आणि टायर रस्त्यावर ज्या कोनात टेकायला हवे तो कोनही हलतो. म्हणून स्प्रिंगा बसवून झाल्या की काम अर्धे झाले असे समजावे. उरलेले अर्धे म्हणजे सस्पेन्शनची फेरमांडणी आणि चाकांचे अलाइनमेंट. पुढील प्रकरणांचा विषय हे उरलेले अर्धे काम आहे, आणि त्याची पार्श्वभूमी येथे मांडली आहे.

हा विषय पवनानगरच्या रस्त्यांवर जितका स्पष्ट दिसतो तितका गुळगुळीत द्रुतगती मार्गावर दिसत नाही. जुन्या मुंबई-पुणे महामार्गावर कामशेतला वळले की रस्ता पवनानगर आणि पवना धरणाकडे जातो. धरणाच्या जलाशयाभोवती लोहगड, तुंग आणि तिकोना उभे आहेत. लोणावळ्याकडून येणारी वाट दुधिवरे खिंडीतून उतरते. शनिवार-रविवारी काठावरच्या तंबूंकडे मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रीघ लागते आणि त्यांत खाली बसवलेल्या हॅचबॅक आणि सेदानही असतात. महामार्गावर रुबाबात आलेली गाडी इथे वेगळ्याच परीक्षेला बसते: गावोगावचे गतिरोधक, पावसाळ्यानंतर उखडलेल्या कडा, डांबर संपून तंबूंच्या जागेकडे उतरणारी मातीची वाट, आणि डिकीत चौघापाचांचे सामान. या मावळ भागात चार महिने धो धो कोसळणारा पाऊस रस्त्याची पातळी दरवर्षी नव्याने ठरवतो. त्यामुळे गाडी किती खाली बसवावी याचे उत्तर दुसऱ्या गावच्या गाडीकडे पाहून मिळत नाही.

बहुतेक मालक हे उत्तर ग्राउंड क्लिअरन्समध्ये, म्हणजे पोट आणि रस्ता यांमधल्या अंतरात शोधतात. ते अपुरे आहे. इंडियन रोड्स काँग्रेसने १९८८ साली सुचवलेला गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच असतो. त्याच्या वर्तुळाची त्रिज्या १७ मीटर. सुमारे २.४५ मीटर व्हीलबेसची, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांत तेवढे अंतर असलेली, छोटी गाडी त्यावर मध्यभागी आली की तिची चारही चाके गतिरोधकाच्या उतारावरच असतात. हिशेब मांडला तर चाकांच्या पातळीपेक्षा माथा जेमतेम ४४ मिलिमीटर वर येतो. भारतात विकल्या जाणाऱ्या सामान्य छोट्या गाडीचे पोट रस्त्यापासून १६० ते १८० मिलिमीटर वर असते. म्हणजे ती ४० मिलिमीटर खाली आणली तरी नियमाने बांधलेल्या गतिरोधकावर, सावकाश गेल्यास, घासण्याचे कारण नाही. घासते ती गावकऱ्यांनी किंवा ठेकेदाराने घाईत घातलेल्या अरुंद, उभ्या उंचवट्यावर. तिथे पुढची आणि मागची चाके दोन्ही बाजूंना सपाट रस्त्यावर असतात आणि उंचवट्याची सगळी उंची पोटाखाली येते. इंजिनाच्या तळाच्या तेलाच्या टाकीला, जिला ग्यारेजमध्ये सगळे चेंबर म्हणतात, मार लागतो तो अशाच ठिकाणी.

तरीही खरी मर्यादा पोटाखालच्या अंतराने पडत नाही. ती पडते चाकाला वर जायला उरलेल्या जागेने. खड्ड्याच्या कडेवर आदळलेले चाक वर उचलले जाते, स्प्रिंग दबते आणि आघाताची ऊर्जा तीत साठते. ही जागा संपली की दांडा रबरी बंपस्टॉपवर आदळतो. एखाद्या गाडीत भर नसताना अशी ८० मिलिमीटर जागा असेल आणि गाडी ४० मिलिमीटर खाली आणली, तर जागा निम्मी उरते. स्प्रिंगमध्ये साठणारी ऊर्जा दबण्याच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने तोच आघात निम्म्या जागेत पेलायचा तर स्प्रिंग चौपट कडक हवी. बाजारात मिळणाऱ्या लोअरिंग स्प्रिंगा मूळ स्प्रिंगांपेक्षा थोड्याच कडक असतात. चौपट कडक स्प्रिंगवर बसून कोणी कामशेतहून पवनानगरला जाऊ शकणार नाही. उरलेला आघात बंपस्टॉप, स्ट्रटची (शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग यांच्या उभ्या खांबाची) वरची गादी आणि शेवटी गाडीचा पत्रा घेतो. खाली बसवलेल्या गाडीच्या स्ट्रटची वरची बेअरिंगे लवकर वाजू लागतात ती यामुळे.

कडकपणाचाच एक साधा हिशेब इथे उपयोगी पडतो. एका चाकावर गाडीचे ३०० किलो वजन आहे आणि चाकाजवळ मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा मिलिमीटरला २० न्यूटन आहे असे धरले, तर ती स्प्रिंग गाडीच्या वजनानेच सुमारे १४७ मिलिमीटर दबते आणि गाडी सेकंदाला सुमारे १.३ वेळा झुलते. कडकपणा ३० केला की दबणे ९८ मिलिमीटरवर आणि झुलणे १.६ च्या आसपास येते. म्हणजे मूळच्याच लांबीची कडक स्प्रिंग बसवली तर गाडी खाली येण्याऐवजी ४९ मिलिमीटर वर उचलली जाईल. लोअरिंग स्प्रिंग एकाच वेळी आखूड आणि कडक का असते, हे यातून कळते.

आता याच हिशेबात प्रवासी बसवावेत. तंबूच्या सहलीला निघालेली गाडी पाच माणसे आणि सामान मिळून ४०० किलो भार घेते, असे धरू. तो चार चाकांवर सारखा वाटला तरी मूळ स्प्रिंगवर गाडी सुमारे ५० मिलिमीटर खाली बसते, आणि प्रत्यक्षात मागच्या चाकांवर भार जास्त पडतो. म्हणजे कारखान्यातून आलेली गाडीही पूर्ण भरल्यावर 'खाली बसवलेली' असतेच, आणि आराखडा करणाऱ्या अभियंत्याने तेवढ्या हालचालीची तजवीज केलेली असते. मालकाने रिकाम्या गाडीतच ती तजवीज खर्चून टाकली की भरलेल्या गाडीसाठी काही शिल्लक राहत नाही. या पुस्तकातली पुढची प्रत्येक सूचना या एका गोष्टीवर उभी आहे.

चाकाच्या कोनांकडे वळण्यापूर्वी सस्पेन्शनची रचना पाहावी लागते. कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीला पुढे दुहेरी विशबोन होते: वर एक आणि खाली एक अशा दोन बाहूंमध्ये चाक धरलेले. १९८३ साली आलेल्या मारुती ८०० ने मध्यमवर्गाच्या दारात मॅकफर्सन स्ट्रट आणला. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याची ही मांडणी १९५० च्या सुमारास फोर्डच्या कन्सल आणि झेफिर गाड्यांत आली. तीत वरचा बाहूच नसतो. शॉकॲब्सॉर्बर आणि स्प्रिंग मिळून एक उभा खांब होतो; त्याचे वरचे टोक बॉनेटखालच्या पत्र्यात आणि खालचे टोक लोअर आर्मच्या, म्हणजे खालच्या बाहूच्या, बॉल जॉइंटवर असते. जागा कमी लागते, भाग कमी लागतात. आज रस्त्यावरच्या बहुतेक हॅचबॅकच्या पुढच्या चाकांना हीच मांडणी आहे, चाकणच्या कारखान्यात बनलेल्या आणि खाली बसवण्याचा शौक असणाऱ्यांच्या लाडक्या फोक्सवॅगन पोलोलाही.

स्ट्रटवरची गाडी खाली आली की लोअर आर्मचे बाहेरचे टोक सांगाड्याच्या तुलनेत वर जाते. सुरुवातीला चाकाचा माथा आत झुकतो. याला ऋण कॅम्बर म्हणतात. थोडा ऋण कॅम्बर वळणावर फायद्याचा, कारण गाडी बाहेर कलंडताना बाहेरचे टायर सपाट टेकते. पण आर्म आणि स्ट्रट यांच्यात काटकोन झाला की ही वाढ थांबते, आणि त्यापलीकडे गाडी जितकी दबेल तितका ऋण कॅम्बर उलट कमी होत जातो. फार खाली बसवलेली गाडी उभी असताना चाके आत झुकलेली छान दिसतात आणि खंडाळ्याच्या घाटातल्या वळणावर, जिथे कॅम्बर खरा हवा, तिथे ती सरळ होऊ लागतात. दिसण्यावरून सस्पेन्शनची पारख करू नये ती यासाठीच.

याहून कमी चर्चिला जाणारा, पण वळणावर जास्त जाणवणारा बदल म्हणजे रोल सेंटरचा. वळणावर गाडी ज्या काल्पनिक बिंदूभोवती कलंडते तो बिंदू लोअर आर्मच्या आणि स्ट्रटच्या कोनांवरून ठरतो. आर्म उलट कलला की हा बिंदू झपाट्याने खाली सरकतो, बहुधा गुरुत्वमध्यापेक्षा जास्त वेगाने. गुरुत्वमध्य आणि रोल सेंटर यांमधले अंतर वाढते आणि गाडीला कलंडवणारा आघूर्णही वाढतो. खाली आणलेली गाडी कमी झुकेल हा समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. ती कमी झुकते ती स्प्रिंग कडक असल्याने, भूमिती सुधारल्याने नव्हे. उपाय आहे: लांब दांड्याचा बॉल जॉइंट बसवून आर्म पुन्हा मूळ कोनाकडे आणणे. तो महाग नाही, पण प्रत्येक गाडीसाठी मिळतोच असे नाही. न मिळाल्यास गाडी कमी खाली आणणे हा सर्वांत स्वस्त आणि निर्दोष इलाज राहतो.

तिसरा बदल टाय रॉडचा. स्टेअरिंग रॅकपासून चाक धरणाऱ्या नकलपर्यंत जाणारा हा दांडा आणि लोअर आर्म हे दोघे वेगवेगळ्या वर्तुळांच्या कंसांवर फिरतात. कारखान्याच्या उंचीवर हे कंस जवळजवळ जुळवलेले असतात. उंची बदलली की जुळणी मोडते. चाक वर-खाली होताना आपोआप आत किंवा बाहेर वळते. यालाच बंपस्टीअर म्हणतात. खाचखळग्यांवर स्टेअरिंग सरळ धरूनही गाडी इकडेतिकडे भटकत जाते, चालकाला ती सतत सावरावी लागते. अलाइनमेंटचे यंत्र हा दोष दाखवत नाही, कारण यंत्रावर गाडी स्थिर उभी असते. टाय रॉडच्या टोकाची उंची बदलणारे भाग बसवूनच तो घालवता येतो.

मागच्या बाजूला बहुतेक छोट्या गाड्यांत ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारी आणि पिळली जाणारी तुळई, असते. दोन्ही चाके सारखी दबली तर तिथे कॅम्बर आणि टो (चाकाची पुढची कड आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन) फारसे हलत नाहीत, आणि हलवायची सोयही कारखान्याने ठेवलेली नसते. गरज पडलीच तर चाकाच्या बैठकीमागे तिरप्या पातळ चकत्या घालतात. काही जुन्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब भारानुसार कमी-जास्त करणारी झडप असते. तिचा दांडा मागच्या सस्पेन्शनला जोडलेला असतो. मागची बाजू खाली आली की झडपेला गाडी भरलेली आहे असे वाटते, ती मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडते आणि ओल्या उतारावर मागची चाके आधी अडकण्याचा धोका उभा राहतो. दुधिवरे खिंडीतून पावसात उतरणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही तपासणी टाळता येणार नाही.

सस्पेन्शन बसवतानाच्या कामात एक चूक फार वेळा होते. लोअर आर्मची रबरी बुशे बोल्टने घट्ट आवळलेली असतात आणि रबर पिळूनच आर्म फिरतो. गाडी जॅकवर असताना, चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळले तर गाडी खाली ठेवताच ती बुशे कायमची पिळलेली राहतात. ती लवकर फाटतात आणि गाडीची उंचीही थोडी खोटी दाखवतात. बोल्ट सैल ठेवून गाडी चाकांवर उभी करावी, दोन-चार वेळा दाबून हलवावी आणि मगच बोल्ट कंपनीने सांगितलेल्या टॉर्कने आवळावेत. स्टॅबिलायझरच्या लिंक रॉड आखूड हव्यात का, ब्रेकचे होज ताणले जातात का, ड्राइव्हशाफ्टचे कोन वाढले का, हे पाहण्याचीही हीच वेळ. मूळ स्प्रिंग कापून किंवा गॅसने तापवून गाडी खाली आणण्याचा मार्ग मात्र पूर्ण वर्ज्य समजावा. कापलेले टोक बैठकीत नीट बसत नाही आणि चाक लोंबकळले की निखळू शकते. तापवलेल्या पोलादाचे पाणी उतरते आणि स्प्रिंग असमान बसते.

अलाइनमेंट सर्वांत शेवटी करायचे असते, आणि त्यालाही क्रम आहे. आधी टायरमधली हवा, बॉल जॉइंट आणि टाय रॉड एंडची ढिलाई, चारही कोपऱ्यांची उंची. मग मागची चाके, कारण त्यांची दिशा ज्या रेषेत गाडीला ढकलते त्या रेषेवरून पुढची बसवावी लागतात. मग पुढचा कॅस्टर (स्टेअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल), कॅम्बर आणि अखेरीस टो. कॅम्बर बदलला की टो बदलतो. उलट क्रमाने काम केले तर ते पुन्हा करावे लागते. अनेक गाड्यांत पुढचा कॅम्बर कारखान्याने स्थिर ठेवलेला असतो. तो बदलायला स्ट्रट आणि नकल यांच्या जोडावर उत्केंद्री बोल्ट किंवा वर सरकत्या प्लेटा बसवतात. रोजच्या वापराच्या, बेताने खाली आणलेल्या गाडीला पुढे एक ते दीड अंश ऋण कॅम्बर पुरतो. डाव्या-उजव्या चाकांत अर्ध्या अंशाहून जास्त फरक राहू देऊ नये, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. टो शून्य किंवा किंचित आत ठेवावा.

टायर खाण्याचे खापर लोक कॅम्बरवर फोडतात, पण जास्त दोषी टो असतो. एका चाकाचा टो ०.३ अंश चुकला तर रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेत फरक पडतो तो जेमतेम दोन मिलिमीटर, डोळ्यांना न दिसणारा. पण ते चाक दर किलोमीटरला सुमारे पाच मीटर आडवे घासत जाते. ऋण कॅम्बरमुळे भार आधीच आतल्या कडेवर असतो. त्यावर हे घासणे आले की टायर आतून तारेपर्यंत झिजते आणि बाहेरून नवे दिसत राहते. म्हणून खाली बसवलेल्या गाडीचे टायर हात आत घालून तपासावे.

संगणकी यंत्र महामार्गालगतच्या गावांत सहज मिळते, पण यंत्राने दाखवलेला हिरवा रंग मूळ उंचीच्या गाडीसाठी ठरवलेल्या मर्यादेत आकडे आहेत एवढेच सांगतो. गाडी कोणत्या भारावर वापरली जाते हे यंत्राला ठाऊक नसते. नेहमी दोघे बसत असतील तर दोघांच्या वजनाइतकी पोती आसनांवर ठेवून जुळणी करावी. यंत्र नसतानाही पडताळा घेता येतो: सपाट फरशीवर, गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर ताणलेल्या दोऱ्यांवरून टो मोजता येतो, आणि गवंड्याचा ओळंबा रिमसमोर धरून कॅम्बर. १५ इंची रिमच्या वरच्या आणि खालच्या कडेत सुमारे सात मिलिमीटर फरक म्हणजे एक अंश. पद्धत जुनी आहे, पण फरशी खरोखर सपाट असेल तर तिचा निष्कर्ष भरवशाचा असतो. काम झाल्यावर हेडलाइटचा झोत पुन्हा बसवावा, आणि स्थिरता-नियंत्रण असलेल्या गाडीत स्टेअरिंगच्या कोनाचा सेन्सर शून्यावर आणावा.

कायद्याची बाजू थोडक्यात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात बदल घडवणाऱ्या रचनेतील फेरफारांवर बंधन घालते. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, नोंदणीपुस्तकातला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापासून ढळेल असा बदल करता येत नाही, असा निर्वाळा दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ खाली नियमबाह्य फेरफारासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. मावळातल्या गाड्यांची नोंदणी पिंपरी-चिंचवडच्या परिवहन कार्यालयाकडे, एमएच १४ खाली होते. काम हाती घेण्यापूर्वी तिथे आणि विमा कंपनीकडे लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विमा कंपनीने बदल शोधून काढण्यापेक्षा तो आधी कळवलेला बरा.

नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत आणखी थोड्या बसतात, म्हणून ५०० ते १,००० किलोमीटरनंतर उंची आणि टो पुन्हा मोजावेत आणि सर्व बोल्टांचा टॉर्क तपासावा. पवनानगरसारख्या भागात वर्षातून दोनदा हे करणे योग्य: एकदा पावसाळ्यापूर्वी, ब्रेक आणि टायरसह, आणि एकदा दसऱ्याच्या सुमारास, जेव्हा पावसाने उकरलेल्या रस्त्यांनी बुशे, बॉल जॉइंट आणि रिम यांना दिलेले तडाखे मोजता येतात. त्या दुसऱ्या तपासणीत टो डाव्या-उजव्या बाजूंना सारखा न सरकता एकाच चाकाचा सरकलेला आढळला, तर तो बसवण्याआधी त्या बाजूचा लोअर आर्म, टाय रॉड आणि नकल वाकले आहेत का ते पाहावे. वाकलेल्या भागावर टो जुळवला तर आकडा बरोबर येतो आणि गाडी चुकीचीच राहते.